काही अडचण आहे का?

६ जानेवारी

बरेच महिने इथे काही लिहिलं नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आधी 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं लिहिणार होते. पण ते वाक्य मी ऑफिसात एका यंत्राच्या तोंडी घातलेलं आहे, आणि तेच इथे पुन्हा वापरणं मला अप्रामाणिक वाटलं. नवरा म्हणतो, ही शिंकसुद्धा आधी कारण तपासून मगच देते.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. नवरा ज्या छापखान्यात रंगजुळणीला होता तो छापखाना बंद पडला. पट्टीशिवाय सरळ रेघ ओढणारा हा माणूस. काही दिवस घरी बसून त्याने घरातली प्रत्येक खिडकी, प्रत्येक गज आणि शेवटी शेजाऱ्यांची सायकल रंगवली. रंगवण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो पार्सलं पोचवणाऱ्या एका कंपनीत लागला. सध्या तात्पुरता. उन्हाळ्यात कामगिरी बघून कायम करतील किंवा नारळ देतील.

दुसरी गोष्ट अशी, की माझी कंपनी त्याच पार्सल कंपनीसाठी हातातले स्कॅनर बनवते. दारात आलेला माणूस पार्सलावर टुक करून मारतो ते. मी त्या यंत्राची भाषा लिहिते. 'पार्सल सापडलं', 'पत्ता अपुरा आहे', 'पुन्हा प्रयत्न करा' हे सगळं माझं साहित्य. भाषा घेऊन एम.ए. केलं ते वाया गेलं असं कोणी म्हणू नये. माझा वाचकवर्ग मोठा आहे आणि तो मला दिवसभर, इच्छा नसताना वाचतो. असं भाग्य किती लेखकांच्या वाट्याला येतं!

आता नवीन यंत्राची चाचणी सुरू होतेय, नेमकी नवऱ्याच्याच डेपोत. म्हणून मी घरात नियम केला, की यंत्राबद्दल घरात एक अक्षर काढायचं नाही.

"तू काही सांगितलंस तर माझं मत दूषित होईल," मी म्हणाले.

"दूषित?"

"दूषित."

"बरं. भाजीत मीठ नाहीये, हे सांगितलं तर चालेल का, की तेही दूषित होईल?"

तो डेपोत आहे हे आमच्या प्रमुखांना सांगितलेलं नाही. नवरा म्हणतो, तिकडे कळलं तर मला 'आतला माणूस' म्हणतील, सांगू नकोस. सांगायला हवं का? मी यावर गंभीरपणे विचार करतेय. विचार करणं हे सांगण्यापेक्षा बरंच सोपं आहे, असं आत्तापर्यंत तरी दिसतंय.

१४ जानेवारी

आज एका वाक्यावर पूर्ण सकाळ गेली.

नव्या यंत्रात आमच्या सेन्सरवाल्याने एक करामत केली आहे. (हा मुलगा हुशार आहे. माणसांशी बोलताना जमिनीकडे बघतो, यंत्राशी बोलताना डोळ्यांत डोळे घालतो.) यंत्र काही वेळ हललं नाही की त्याला कळतं, ड्रायव्हर थांबलाय. मग यंत्र बोलतं. काय बोलायचं, हा प्रश्न होता.

सेन्सरवाल्याचं वाक्य होतं, "चालक थांबलेला आहे. कारण नोंदवा." मी म्हटलं, ही पोलीस चौकी आहे का? मग 'नोंदव', 'नोंदवा', 'नोंदवावे' यावर चर्चा झाली. 'नोंदव' म्हटलं तर ड्रायव्हर चिडतील. 'नोंदवावे' म्हटलं तर ती भिंतीवरची सूचना वाटेल आणि कोणी लक्षच देणार नाही. प्रमुखांनी 'नोंदवूया का' सुचवलं. त्यावर कोणीतरी बालवाडीतल्या बाईंच्या सुरात ते म्हणून दाखवलं आणि विषय संपला.

शेवटी मी म्हटलं, माणूस थांबलेला दिसला तर आपण काय विचारतो? काही अडचण आहे का? त्यात तू नाही, तुम्ही नाही, हुकूम नाही. नुसती काळजी.

प्रमुख खुर्चीतून अर्धे उठले. "वा! यात माणुसकी आहे. स्पर्धकांकडे माणुसकी नाही."

मी विचारलं, "ड्रायव्हरने 'हो' दाबलं तर काय होतं?"

"थांबला म्हणून नोंद होते," सेन्सरवाला जमिनीला म्हणाला.

"आणि 'नाही' दाबलं तर?"

"तरी नोंद होते."

"मग विचारायचं कशाला?"

"सूर बदलतो ना," प्रमुख म्हणाले.

हे मला खटकलं. खटकलं असं मी बैठकीच्या शेवटी म्हणालेसुद्धा, पण तेव्हा सगळे उठत होते आणि खुर्च्यांचा आवाज फार होता. मी हळू बोलले का? मुद्दाम?

दुपारी मालाच्या खोलीत, खोक्यांच्या मधे बसून, ते वाक्य माझ्याच आवाजात रेकॉर्ड केलं. तात्पुरतं. कलाकाराचा आवाज नंतर येईल. त्याची मागणी प्रक्रियेत आहे.

२ फेब्रुवारी

यंत्रं डेपोत पोचली. तरी कलाकार प्रक्रियेतच आहे, म्हणून यंत्रं माझ्या आवाजात गेली. डेपोभर मी.

संध्याकाळी नवरा आला, बूट काढले आणि माझ्याकडे बघत राहिला, जसं लग्न ठरवायला आला होता तेव्हा बघत होता.

"काय?" मी म्हणाले.

"काही नाही. नियम आहे."

नियम पाळतो, हे चांगलं आहे. मला मात्र विचारायचं होतं. विचारलं नाही. माझं मत अजून निर्मळ आहे.

मी आतून हाक मारली की हल्ली दचकतो. दमत असेल.

११ फेब्रुवारी

काहीतरी बिनसलंय, आणि मला भीती वाटतेय.

संध्याकाळी तो गॅलरीत उभा होता. डाव्या हातात चहाची कपबशी, उजवा हात मांडीजवळ सैल सोडलेला. तो हात हलत होता. औषधाची बाटली हलवावी तसा, लहान लहान हिसके. त्याचं लक्षच नव्हतं. समोरच्या इमारतीकडे बघत होता, हात आपला चाललेला.

मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काही अडचण आहे का?"

तर हात एकदम जोरात हलायला लागला! चहा बशीत सांडला.

"नाही, नाही, काही नाही," तो घाईने म्हणाला आणि हात खिशात घातला. खिसाही हलत होता.

ज्या हाताने रेघ ओढायचा तोच हात.

१५ फेब्रुवारी

ऑफिसात आनंदीआनंद. डेपोतले थांबे जवळजवळ नाहीसे झालेत. ड्रायव्हर दारात थांबत नाहीत, लिफ्टसाठी थांबत नाहीत, जेवायला थांबत नाहीत. आकडे बघितले तर वाटावं, ही माणसं सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत वाऱ्यासारखी वाहतायत. प्रमुखांनी पार्सल कंपनीसमोर ते पडद्यावर दाखवले. खाली माझं वाक्य मोठ्या अक्षरात होतं. टाळ्या झाल्या.

सेन्सरवाला एकटाच भुवया आक्रसून बसला होता. "यांची चाल विचित्र आहे, सर. हे चालतात, पण पुढे जात नाहीत."

"चालतात ना?"

"हो."

"मग झालं तर."

मला पेढा खाल्ल्यासारखं वाटायला हवं होतं. मी टेबलाखाली मोबाईलवर हात थरथरण्याची कारणं वाचत होते. एक आजार असा आहे, की हात कामात असेल तर स्थिर राहतो आणि मोकळा सोडला की हलतो. अगदी तसंच. पुढचं वाचवलं नाही.

घरी येऊन त्याला काही न सांगता कागद पुढे केला. "एक रेघ ओढून दे रे, मला हवीय." त्याने ओढली. दोरीसारखी सरळ. कागद ठेवला, हात खाली सोडला, आणि हिसके सुरू.

२० फेब्रुवारी

नवऱ्याचा डेपोतला मित्र आला होता. सगळे त्याला लांबू म्हणतात. आमच्या प्रत्येक दारातून तो वाकून येतो आणि तरी एकदा आपटतोच.

मी चहा ठेवता ठेवता विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना, भावजी?"

"सगळे बरे आहेत, वहिनी. सासूबाईंनी तेवढा जीव नकोसा केलाय."

नवऱ्याला ठसका लागला.

"राहायला आल्यात का?"

"राहायला? सकाळपासून हातातच असतात." लांबूने नवऱ्याकडे बघितलं. "जरा स्थिर ठेवलं की झालं सुरू. सारखं हलवत राहावं लागतं."

मला फार वाईट वाटलं. अंथरुणाला खिळलेल्या असाव्यात. जावई असून तो त्यांची कूस बदलून देतो, उचलून बसवतो. अशी माणसं हल्ली कुठे असतात? मी म्हटलं, "त्यांनाही परावलंबी व्हायला आवडत नसेल हो. त्या काही बोलतात का?"

"एकच वाक्य. दिवसभर. आणि आवाज इतका गोड आहे, वहिनी, की उलटून बोलवत नाही. तीच पंचाईत आहे."

"मग तुम्ही एकदा शांतपणे समोर बसा आणि सगळं सांगून टाका. मनात ठेवू नका."

"समोरच बसलाय तो," नवरा म्हणाला.

यावर दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुसऱ्याच्या आजारी सासूवर हसणं मला आवडलं नाही, आणि लांबू गेल्यावर मी तसं बोलले. नवरा म्हणाला, "सासू खंबीर आहे गं. काही होत नाही तिला." हे बोलताना हात हलत होताच.

२६ फेब्रुवारी

ओढून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी त्याला बोट नाकाला लावायला सांगितलं, डोळे मिटून उभं केलं, गुडघ्यावर हातोडी मारली. सगळं ठीक.

"हात कधी हलतो?"

"नुसता उभा असला की," मी म्हणाले. "आणि मी विचारलं की जास्त."

"काय विचारलं की?"

"काही अडचण आहे का, असं."

खुर्चीच्या हातावर ठेवलेला त्याचा हात उसळला. डॉक्टरांनी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्याच्याकडे. तो छताचा रंग तपासत होता.

"मग विचारू नका," डॉक्टर म्हणाले.

यासाठी माणसं इतकी वर्षं वैद्यकी शिकतात.

जाता जाता त्यांनी मनगट दाबून पाहिलं. "इथे मात्र सूज आहे. हे कंपाने येत नाही, कामाने येतं. जड उचलता का?"

"नाही. हलकंच असतं," नवरा म्हणाला.

मनगटाला पट्टी दिली आहे. मोठ्या तपासण्या पुढच्या महिन्यात. घरी येताना मी रस्ताभर काही विचारलं नाही आणि हात रस्ताभर शांत होता. म्हणजे मी काळजी करते म्हणून त्याला त्रास होतो? माझी काळजी इतकी जाचक आहे? लेकीला फोन केला. ती वसतिगृहात, परीक्षेच्या गडबडीत. म्हणाली, "आई, तू काळजी करतेस ना, तेव्हा तपासणी चालल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, धन्यवाद, अभ्यास कर.

५ मार्च

विशेष काही नाही. हात तसाच.

प्रमुखांनी मला 'माणुसकीची शिल्पकार' म्हटलं. लेखी म्हटलं आणि शिल्पकारमधला 'ल्प' चुकवला.

१२ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी यातही स्वतःची बाजू सावरून घेईन.

आज घरून काम करत होते. दुपारी बेल वाजली. दारात पार्सलवाला. आमच्या भागात नेहमी येतो तो, पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या. मला आलेला कोड मोबाईलमध्ये सापडेना, चष्माही सापडेना. "एक मिनिट हं," म्हणून मी आत शोधायला वळले, तेवढ्यात त्याचा उजवा हात दिसला. लहान लहान हिसके. औषधाची बाटली.

क्षणभर वाटलं, हे सांसर्गिक आहे!

मी त्याला पाणी दिलं. पेला घ्यायला त्याने यंत्र चपलांच्या कपाटावर ठेवलं. मी आत गेले. चष्मा उशीखाली होता. आणि मी तो डोळ्यांवर चढवत असताना बाहेरच्या खोलीतून मीच बोलले,

"काही अडचण आहे का?"

गोड, समजूतदार, थोडं मान तिरकी करून. खोक्यांच्या मधे बसून बोललेलं.

मी दारापर्यंत आले. मिशावाल्याने पेला तसाच टाकून यंत्र उचललं होतं आणि तो जीव खाऊन हलवत होता. "नाही सासूबाई, नाही, काही नाही, चाललो बघा, चाललोच." एका जागी उभा राहून.

मला बघून ओशाळला. "माफ करा, ताई. जरा थांबलो की ही बया सुरू होते. मग थांब्याची नोंद होते. थांबे जास्त झाले की डेपोत बोलावतात. म्हणून आम्ही हलवतो. तिला वाटतं चालतोय."

"सगळेच हलवता?"

"न हलवून सांगतो कोणाला?" मग त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "ताई, तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो."

मी नकारार्थी मान हलवली. कोड बोटांनी दाखवला. तो जाईपर्यंत तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी नवरा आला. बूट काढायच्या आत मी म्हणाले, "तुला काही झालेलं नाहीये."

"मी तेच सांगत होतो."

"सासूबाई म्हणजे मी."

तो खाली बसला. हसेल असं वाटलं, हसला नाही.

"सांगायचंस ना!"

"नियम कोणाचा?"

"अरे, मी रात्री रात्री आजारांची नावं वाचतेय! तू डॉक्टरकडे गप्प बसलास!"

"तिथे सांगितलं असतं तर तुझं मत दूषित झालं असतं." मग बुटाच्या नाडीशी बोलत म्हणाला, "आणि तू खूश होतीस. टाळ्या झाल्या म्हणालीस. तुझं वाक्य सगळ्यांना आवडलं म्हणालीस. मी काय सांगणार होतो?"

"हात घरी का हलतो मग?"

"ते माझ्या हातात नाही," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून थोडा हसला. "दिवसभर तूच विचारतेस. संध्याकाळी घरी येतो, तर परत तूच. हाताला काय कळणार, यातली कुठली खरी?"

हा प्रश्न कुठल्याच पेपरात आला नव्हता. एम.ए. आहे मी.

महिनाभर मी घाबरत होते त्याच्या आजाराला, आणि त्याचा आजार महिनाभर टाळ्या घेत होता. उद्या काय करू? ऑफिसात खरं सांगितलं तर सेन्सरवाला हलवणारे हात दोन दिवसांत पकडेल, आणि उन्हाळ्यात नारळ कोणाला मिळेल ते उघड आहे. नाही सांगितलं तर ते खोटे आकडे माझ्या नावावर मिरवतील आणि हा मनगट सुजवत राहील. तिसरा रस्ता शोधायला हवा. मला आजवर प्रत्येक प्रश्नात तिसरा रस्ता सापडलाय आणि दर वेळी तो गप्प बसण्याचा निघालाय.

१३ मार्च

मी तोंड उघडायच्या आतच सेन्सरवाल्याला शोध लागला होता.

"सर, हे चालत नाहीयेत. हलवतायत." चेहरा फुललेला. "पण ओळखता येईल. पुढच्या सुधारणेत टाकतो. आणि कोण हलवतो, त्यांची नावं आत्ताच काढता येतील."

"किती जण आहेत?" प्रमुखांनी विचारलं.

"सगळे."

प्रमुखांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"त्यातला एक माझा नवरा आहे," मी म्हणाले. या वेळी कोणीच उठत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू आलं. "हे मी आधीच सांगायला हवं होतं. आकडे खोटे आहेत. ते आपण परत घेऊ आणि खरं काय ते पार्सल कंपनीला कळवू. माणसं हलवतात, कारण आपण त्यांना दारात उभंसुद्धा राहू देत नाही."

प्रमुख टेबलावरचं पेन सरळ करत होते. त्यांच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. नावं पाठवायची तर यश परत करायचं. यश ठेवायचं तर नावं गिळायची.

"खरं कळवायला माझी काहीच हरकत नाही," ते शेवटी म्हणाले. "फक्त ते कोणाला कळता कामा नये."

"म्हणजे नावं जाणार नाहीत?"

"कसली नावं?" ते सेन्सरवाल्याकडे वळले. त्याने संगणक मिटला. मला वाटलं, त्याला जरा हायसं वाटलं असावं, पण तो जमिनीकडे बघत होता, त्यामुळे खात्री नाही.

इथे मी घरी जायला हवं होतं. नवरा वाचला होता. पण यंत्र तर चालूच राहणार होतं, आणि तो उद्याही हात हलवणार होता, माझ्या प्रश्नाला.

"मग माझा आवाज काढा," मी म्हणाले.

"तो आता कंपनीचा आहे."

"तो नमुना आहे. कलाकाराचा आवाज येईपर्यंत तात्पुरता, असं तुम्हीच म्हणालात. माझी परवानगीही तात्पुरती होती. ती आज संपली."

"आवाज नसेल तर यंत्र काय करेल?"

सेन्सरवाला म्हणाला, "आवाज नसला तर तो प्रश्न येतच नाही, सर. यंत्र हातात खाली लोंबत असतं, त्याचा पडदा कोण वाचणार? म्हणून मी तो फक्त आवाजावर ठेवलाय."

"आणि थांब्यांची मोजणी?"

"प्रश्नच आला नाही तर मोजायचं काय?"

"कलाकाराचा आवाज कधी येणार?" प्रमुखांनी खोलीला विचारलं.

खरेदी विभागातल्या बाईंनी चष्मा वर केला. "प्रक्रियेत आहे."

हा शब्द मला इतका मंजुळ कधीच वाटला नव्हता.

नवऱ्याची गोष्ट लपवली म्हणून मला या कामातून काढून दुसऱ्या विभागात पाठवलंय. तिथे दवाखान्यात आणि बँकांत नंबर पुकारणारी यंत्रं बनतात. 'कृपया प्रतीक्षा करा' हे वाक्य लोकांना खटकतं म्हणे, ते सुधारायचंय. शिक्षा योग्य आहे. काम सोपवताना मी लिहून दिलं, की थांब्यांच्या आकड्यांवर विसंबू नये. प्रमुखांनी ते वाचलं आणि विचारार्थ ठेवलं. कोणाच्या विचारार्थ, ते लिहिलेलं नाही. आकडे अजून भिंतीवर आहेत, खाली माझं वाक्य आहे. मी पुरेसं केलं का? नाही. पण खुर्च्या हलायच्या आत बोलले, एवढं खरं.

२१ मार्च

काल यंत्रं गप्प झाली.

संध्याकाळी लांबू वाकून आत आला, तरी आपटलाच, आणि डोकं चोळत म्हणाला, "वहिनी, आमच्या सासूबाई गेल्या."

"सुटल्या बिचाऱ्या," मी म्हणाले.

"अहो, फार माया होती त्यांची. फक्त जरा उसंत द्यायला हवी होती त्यांनी." मग गंभीरपणे कपातला चहा संपवला, उभा राहिला, आणि दारात बराच वेळ नुसता रेंगाळला, दोन्ही हात खिशात घालून. हल्ली जमतं म्हणून असेल.

तो गेल्यावर नवरा गॅलरीत उभा होता. मी शेजारी गेले. कायम करण्याचं अजून काही कळलेलं नाही. उन्हाळ्यात कळेल. मनगटाची पट्टी सुटली आहे. उजवा हात एकदा उसळला, मग आपला आपण खाली राहिला.

"आज दिवसभर कोणी काही विचारलं नाही," तो म्हणाला.

"बरं वाटलं?"

"बरं वाटलं. एका दारात एक आजी किल्ली शोधत होत्या. मी नुसता उभा होतो. त्यांनी सगळे डबे उघडून बघितले, मी उभा." त्याने कठड्यावरून बोट फिरवलं. "मग जरा चुकल्यासारखं झालं."

"कशाने?"

"तुझा आवाज नव्हता ना."

मला काहीतरी विचारायचं होतं. तोंड उघडलं, तर ओठांवर तेच वाक्य आलं. दुसरं एकही येईना. इतकी वर्षं वाक्यं लिहून पोट भरतेय आणि नवऱ्याला विचारायला माझ्याकडे एकच प्रश्न आहे, तोही बंद केलेल्या यंत्रातला. दूध उतू जाईल म्हणून आत निघून आले. दूध गॅसवर ठेवलेलंच नव्हतं.

उद्या: संध्याकाळी गॅलरीत त्याच्या शेजारी थांबणे.